दाराची तार

"आधी उतरून दाखवा, मग बसा." गाडीचं दार धरून मामा प्रत्येकाला हेच सांगत. बसणाऱ्याने दाराच्या खणात हात घालायचा, तळाची रबरी पट्टी उचलायची, खालची तार ओढायची आणि दार उघडून उतरायचं. त्यानंतरच मामा गाडी चालू करत. पाहुणे हसत. मामा हसत नसत. तुमच्याही ओळखीत असा एखादा हट्टी माणूस असेलच.

वसमतला हळदीच्या एका व्यापाऱ्याकडे मी स्वयंपाकाला होते, शिवणही करत असे. मामा तिथले ड्रायव्हर. सेनगावकडच्या एका तांड्यावरचे, साठीला आलेले. मालकांनी बटणाने दारं उघडणारी, बॅटरीवरची गाडी आणली, तेव्हा सगळ्यांनी तिला हळदकुंकू लावलं. मामा मात्र दोन दिवस तिच्यात आतबाहेर करत, हातांनी चाचपत राहिले.

"काहून एवढं, मामा?" मी दबकत विचारलं. मी कुणाशी फारशी बोलत नसे.

"माझ्या जुन्या जीपला दारंच न्हवती, माय. अडकायचा सवालच न्हवता. हिचं सगळं बिजलीवर. बिजली गेली की ही पेटी हाय."

माझी पाळी आली की मी नुसता खणात हात घालून "झालं" म्हणायची. पुरुषमाणसासमोर गाडीत चढउतार करायची लाज वाटे.

"झालं न्हाई. दार कुठं उघडलं?" मामा विचारत.

मग मोठ्या बाई, म्हणजे मालकांच्या आई, मधे पडत. "सोड रे तिला. उशीर होऊन राहिला."

बाईंना घरातल्या प्रत्येक वस्तूला कव्हर लागे. टीव्हीला, फ्रिजला, मिक्सरला. त्यांनी सांगितलं म्हणून गाडीच्या दारांनाही मी झालरीची कव्हरं शिवली. मामांनी कात्री घेऊन खणांवरचं कापड कापून काढलं.

"तुझी शिवण लय पक्की हाय, माय. तेच वाईट," ते म्हणाले. मला ते फार लागलं.

कळमनुरीकडे एका लग्नाला निघायच्या सकाळी बाई म्हणाल्या, ती भोकं चारचौघांत बरी दिसत नाहीत. मी मुकाट्याने दुहेरी टाका घालून मागच्या दोन्ही दारांना ठिगळं लावली. मनात थोडी खूशही होते. निघताना मामा दार धरून उभे राहिले, तशा बाई कडाडल्या, "आज न्हाई तुझी परीक्षा. तिकडं अक्षता पडतील."

मामा पहिल्यांदाच "बरं" म्हणाले.

वारंगा फाट्यावर ते पाणी आणायला उतरले. वैशाखातली दुपार होती. मागच्या सीटवर बाई, मी आणि मधे बाईंची पाच वर्षांची पणती. अचानक गार हवा थांबली, समोरचे दिवे गेले. बटण दाबलं, दार हललं नाही. काचही खाली येईना. बाई काचेवर हात आपटू लागल्या. पोरगी आधी रडली, मग घामाने निथळत माझ्या अंगावर गळून पडली.

मामा धावत आले. बाहेरूनही दार उघडेना. त्यांनी दगड उचलून पुढच्या काचेवर घातला. नुसता चरा पडला. मग माझ्या बाजूला येऊन त्यांनी बोटाने खाली दाखवलं आणि मूठ वळून ओढून दाखवली.

मला कळलं होतं. पण बोटांखाली माझंच ठिगळ होतं. नखं तुटली, टाका तुटेना. शेवटी खाली वाकून मी तो दातांनी तोडला, पट्टी उपटली आणि तार ओढली. हलली नाही. काचेला तोंड लावून मामा म्हणाले, "सगळ्या जिवानं ओढ, माय." मी पुढच्या सीटला पाय लावला आणि दोन्ही हातांनी ओढली. दार उघडलं. बाहेरची झळसुद्धा गार वाटली.

सावलीत नेऊन तोंडावर पाणी मारलं, तेव्हा पोरीने डोळे उघडले आणि अजून पाणी मागितलं. मला वाटलं, आता मामा शाबासकी देतील.

"आता परत बस. तिकडचं दार राहिलं," ते म्हणाले.

रस्त्यावर माणसं जमली होती. मी त्यांच्यादेखत आत बसले, दुसरं ठिगळ फाडलं, दार उघडून उतरले. "अजून एकदा," मामा म्हणाले. मी पुन्हा उतरले. मग त्यांनी पाठ फिरवून दस्तीने तोंड पुसलं.

"सकाळी मी बरं म्हणलो," ते म्हणाले. "ते चुकलं माझं."

पुढच्या वर्षी त्यांची नजर अधू झाली आणि ते तांड्यावर गेले. पुन्हा भेट नाही.

मागच्या महिन्यात मालकांनी दुसरी गाडी घेतली. हिची तार कुठे असते, ते मी नव्या ड्रायव्हरला विचारलं. त्याला ठाऊक नव्हतं.

"काही होत न्हाई, मावशी. बसा," तो म्हणाला.

सगळे बसले होते. मालक, मोठ्या बाई, पाहुणे.

"मी बसत न्हाई," मी म्हणाले. "जिथून गाडी आणली तिथं फोन लावा. विचारा."

मालकांनी बाजूच्या सीटवरून हात लांबवून हॉर्न वाजवला. मी जागची हलले नाही. तेवढ्यात मागचं दार उघडलं. मोठ्या बाई काठी टेकत उतरल्या आणि माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.