न उचललेली सुपारी

शनिवारची सकाळची शाळा सुटली तेव्हा पायरीशी पुनो मिराशी उभा होता. खांद्यावर कांबळं, पाय गुडघ्यापर्यंत लाल धुळीनं भरलेले. सुप्याच्या रानातला हा माणूस खानापुरापर्यंत चालत आला म्हणजे काहीतरी विपरीत घडलंय, हे कळायला मास्तर असावं लागत नाही. "मास्तर, देसाई गेले," तो म्हणाला. "परवा. ताप हुता. तुमास्नी सांगणारं कोन न्हाई, म्हणून मीच आलो." तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं सखबाचा चेहरा आला नाही. त्याच्या पडवीतल्या तबकातली एक सुपारी आली. महिना होऊन गेला, अजून तीच येते, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

सखबा देसाई मुंबई कौन्सिलात, म्हणजे इलाख्याच्या कायदेमंडळात, सुप्याकडच्या जिल्ह्यातून निवडून गेलेला सभासद. वर्तमानपत्रांनी त्याला दोन ओळींत निरोप दिला आणि त्यातली एक ओळ तो सभागृहात फारसा बोलला नाही, एवढंच सांगण्यात खर्ची घातली. बोलणार कुठून? बेळगावच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसत होतो, तेव्हाही उत्तर येत असून गप्प बसायचा आणि माझ्या वाटणीची छडी खायचा. काळी नदीकाठी त्याची सुपारीची बाग होती, घरात खायला कमी नव्हतं. तो निवडणुकीला उभा राहिला तो पुनोसारख्यांच्या कुमरीसाठी. डोंगरउताराची झुडपं तोडायची, जाळायची, त्या राखेत नाचणी पेरायची आणि दोन-तीन वर्षांनी ती जागा पुन्हा रानाला सोडून द्यायची, ही त्यांची बापजाद्यांची शेती. जंगलखातं ती कायमची बंद करायला निघालं होतं. कौन्सिलानं विरोधात ठराव केला असता तर सरकारला हात आखडता घ्यावा लागला असता, निदान आम्हाला तसं वाटत होतं.

तिकडच्या गावांत बैठक कशी होते ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. प्रत्येक घराच्या कर्त्या माणसासमोर एक सुपारी मांडतात. ज्याला पटलं तो आपली उचलतो. एकाची जरी खाली राहिली, तरी निर्णय होत नाही, पण बैठकही मोडत नाही. उद्या पुन्हा बसायचं, परवा पुन्हा. हात वर करून माणसं मोजणं तिथं कुणाला ठाऊकच नाही. सखबा लहानपणापासून बापाच्या मांडीला टेकून हेच बघत आलेला, आणि हेच घेऊन तो पुण्याच्या पावसाळी अधिवेशनाला गेला. पिशवीत स्वतःच्या बागेतल्या सुपाऱ्या होत्या.

मी रजा काढून त्याच्याबरोबर गेलो होतो. कौन्सिलात तेव्हा आपल्या लोकांचे दोन पक्ष होते, एक वकिलांचा आणि दुसरा शेतकऱ्यांच्या नावानं उभा राहिलेला, आणि ते एकमेकांच्या सावलीलाही उभे राहत नसत. सरकारी मतं विरोधात जाणार हे ठरलेलंच, तेव्हा हे दोघे एकत्र आल्याशिवाय ठराव तरणार नव्हता. सखबा भिजत या बिऱ्हाडातून त्या बिऱ्हाडात जायचा, सुपारी मांडायचा आणि गप्प बसायचा. मी हसायचो. पण हळूहळू एकेकानं सुपारी उचलली. राहिला तो शेतकरी पक्षाचा पुढारी. तो म्हणाला, "देसाई, आमची मतं तुमच्या ठरावाला. पण ठरावावर वकिलांचं नाव आधी आहे, तेव्हा सुपारी नाही उचलणार."

मला आणखी काय हवं होतं? मी मतं तीनदा मोजली, चारनं आम्ही पुढं होतो. ठराव पुकारला तेव्हा मी गॅलरीत कठडा धरून उभा होतो. सखबा उठला आणि म्हणाला, एका सभासदांचं अजून समाधान झालेलं नाही, ठराव पुढच्या आठवड्यात घ्यावा. सरकारी बाकांनी आनंदानं होकार दिला. पुढच्या आठवड्यात दुसरी कामं निघाली, मग अधिवेशन संपलं, मग ते कौन्सिलच बरखास्त झालं...

परतीच्या गाडीत मी त्याला नाही नाही ते बोललो. खानापूर येईपर्यंत त्यानं ऐकून घेतलं. "चार डोक्यांनी मिळालेलं चार डोकी फिरली की गेलं," तो म्हणाला. "मग पुनोनं राख करून ठेवलेल्या जागेत पेरायचं काय? सगळ्यांनी उचलली असती तर कुणाची छाती झाली नसती परत घ्यायची."

"आता राख तरी कुठं होणार आहे?" मी म्हणालो.

दोन वर्षांत उतार बंद झाले. पुनोच्या नाचणीच्या जागी खात्यानं सागाची रोपं लावली आणि पुनो कॅसलरॉकला रेल्वेची खडी फोडू लागला. सखबा खचला. उळवीच्या जत्रेला जाणाऱ्या गाड्या दारावरून जायच्या, हा पडवीत खाली मान घालून बसायचा. एका दुपारी त्यानं आम्हा दोघांना बोलावून घेतलं आणि तबकात दोन सुपाऱ्या मांडल्या.

"चुकलो मी," तो म्हणाला. "माझ्याजवळ माफी मागायला तोंड न्हाई. पटलं तर उचला."

पुनोनं उचलली. ज्याची सगळी शेती गेली, त्यानं क्षणाचाही वेळ न घेता उचलली. आणि ज्याचं काहीच गेलं नव्हतं, तो मी मास्तर, म्हणालो, "तुझा हा पोरखेळ पुण्यात पाहून झालाय माझा." छत्री घेतली आणि पडवी उतरलो. तीच शेवटची भेट.

पुनोबरोबर मी सखबाच्या दिवसकार्याला पोचलो. वैनींनी तबक आणून पुढ्यात ठेवलं. "रोज पुसायचे, भावजी, आणि ही परत ठेवायचे. कुणाला हात लावू दिला न्हाई. तुमची हाय, घेऊन जावा." मी पुनोला विचारलं, मांडणारा गेल्यावर सुपारी कशी उचलायची? "न्हाई उचलता येत, मास्तर. बैठक तशीच ऱ्हाती मग."

पुण्यातल्या त्या पुढाऱ्याला मी दोन वर्षं शिव्या घातल्या. पण त्यानं सुपारी नाकारताना आपली मतं तरी देऊ केली होती. मी सखबाला तेवढंही दिलं नाही.

तबक आता माझ्या टेबलावर आहे. शाळेतून आलो की पुसतो, आणि सुपारी परत जागेवर ठेवतो.