सुंदरीला लावलेलं मेण

मी अकॉर्डियन वाजवायचे आणि बरा वाजवायचे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात माझ्याबद्दल चांगलं असं फार काही नाही.

सत्तरच्या दशकात सोलापुरात दर दोन गल्ल्यांमागे एक ऑर्केस्ट्रा निघाला होता. आमच्या ऑर्केस्ट्राच्या मालकाचं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं आणि दुकानाच्या मागच्या खोलीत आमच्या तालमी चालायच्या. गिटारवाला पूर्व भागातल्या विणकराच्या घरचा, तेलुगूत शिव्या देऊन मराठीत माफी मागणारा. क्लॅरिओनेटवाले चाचा लग्नाच्या बँडमधून आलेले, वयाने आमच्यात सगळ्यांत मोठे. आणि मी, बावीस वर्षांची, ते जड धूड छातीशी बांधून स्टेजवर बसणारी एकुलती एक बाई. तो अकॉर्डियन वडिलांनी सोलापूर सोडून चाललेल्या एका रेल्वे गार्डाकडून घेतला होता. मुलीच्या जातीला हे कशाला, असं म्हणायला अख्खी गल्ली आली होती. त्यामुळेच मी तो शिकले, नाहीतर सहा महिन्यांत कंटाळले असते.

मालकाने कुठेतरी वाचलं की मुंबईत आणि परदेशात लोक सतार-सरोद घेऊन विलायती वाद्यवृंदाबरोबर बसतात. झालं, त्याच्या डोक्यात तेच शिरलं. "आपण काय कमी आहोत का? आपणही असं काहीतरी बसवू," तो म्हणाला. पण सतारवाला आणायचा कुठून?

"सतार कशाला? आपल्याकडे सुंदरी आहे की," मी म्हणाले.

सुंदरी म्हणजे सनईची धाकटी बहीण. हातभरसुद्धा लांब नाही, आवाज मात्र बारीक, गोड आणि धारदार. माझा मामा देवळातल्या चौघड्यात सुंदरी वाजवायचा. त्याचं घर आमच्या मागच्याच गल्लीत आणि त्याला मूलबाळ नव्हतं, म्हणून माझं निम्मं बालपण तिथेच गेलं. तोंडात धरून फुंकायची पत्ती कशी बांधायची, ती कुठे किती तासायची, एखादा स्वर चढा बोलत असेल तर त्याच्या भोकाच्या कडेला मेण लावून तो कसा उतरवायचा, हे सगळं त्याने मला शिकवलं होतं. मेण मामीच्या कुंकवाच्या डबीतलं. फुंकायला मात्र त्याने सुंदरी मला कधी दिली नाही. बाईमाणसाने फुंकायची नसते, एवढंच उत्तर. मग मी अकॉर्डियनचा भाता ओढून सगळा वचपा काढला.

मामाला तयार करायला मला महिना लागला. त्याच्या भाऊबंदांपैकी जाणत्या मंडळींनी त्याला बजावलं होतं, देवापुढं वाजणारी सुंदरी नाचगाण्यात नेलीस तर नेलीस, पण तिथं फजिती झाली तर पुन्हा आमच्यात मान वर करून बसू नकोस. मामा तसा कुणाला भिणारा नव्हता, पण हे त्याला लागलं होतं.

"एकडाव येतो," तो मला म्हणाला. "तुज्यासाटी. जमलं तर जमलं. न्हाय जमलं तर पुना माज्याफुडं ह्येचं नाव काडायचं न्हाय."

मला ते जमायलाच हवं होतं. नुसतं हौसेपोटी नाही. माझ्या आयुष्यातल्या या दोन गोष्टी एका जागी बसाव्यात, असं मला आतून वाटत होतं, आणि संधी एकच होती.

मी भैरवीची एक धून बसवली. गिटार आणि ड्रमने सुरुवात, मग सुंदरी आणि अकॉर्डियन मिळून कोमल गंधार धरून ठेवणार, आणि तिथून सवालजवाब. सुंदरीने विचारायचं, अकॉर्डियनने उत्तर द्यायचं. आधी या ठिकाणी चाचांचा एक मोठा तुकडा होता. तो मी काढला. चाचा आपलं क्लॅरिओनेट पुसत बसले.

पहिल्याच तालमीत घोटाळा झाला. सा जुळला, पंचम जुळला. कोमल गंधार आला आणि दोन्ही वाद्यांच्या मध्ये भुंगा शिरल्यासारखं गुणगुणायला लागलं. कोमल निषादाचंही तेच. मामाचे हे दोन स्वर माझ्या पट्ट्यांपेक्षा केसभर चढे होते. आमचा व्हायोलिनवाला बोट सरकवतो, गिटारवाला तार ओढतो, त्यांचं निभावतं. माझ्या पट्टीला मी कितीही रागाने दाबलं तरी कारखान्यात दिलेला स्वर ती सोडत नाही.

"मामा, तुझा गंधार चढतोय."

"चडतुय? बया, त्यो त्येच्या जाग्यावर हाय. तुजी पेटीच बसकी हाय."

"पेटीला मी काय करू? तू थोडं मेण लाव की. दोनच भोकांना."

मामाने सुंदरी मांडीवर ठेवली. "जोडीदाराच्या सनईसाटी लावलं असतं. पेटीपायी मी माजा गंधार खाली वडू व्हय? आन मग त्यो माजा ऱ्हाईल का?"

मी खूप डोकं आपटलं. तो धरलेला गंधार मी धुनेतून काढू शकले असते, हे आज कळतं. पण धून मी बसवली होती आणि त्यातली मात्रासुद्धा बदलायला मी तयार नव्हते. खाण तशी माती, मामा तशी भाची.

कार्यक्रम एप्रिलमध्ये होता, एका शाळेच्या मैदानावर, दिवेलागणीला. त्या दुपारी मी मामाच्या घरी गेले. मामा जेवून आडवा झाला होता, मामी नळावर गेली होती. सुंदरी कापडात गुंडाळून त्याच्या उशाशी ठेवलेली.

मामाचा एक नेम होता. सकाळचा चौघडा झाला, सुंदरीला नमस्कार करून कापडात बांधली, की पुढच्या ठिकाणी आसनावर बसेपर्यंत तिच्यात फुंकर मारायची नाही. तोवर फक्त पत्ती तोंडात धरून ओली करायची. हा नेम मला पाठ होता. म्हणजे मेण लावलं तर त्याला ते कळणार स्टेजवर बसल्यावर, समोर माणसं असताना, मालकाने राखून ठेवलेल्या तिसऱ्या रांगेत त्याचे भाऊबंद बसलेले असताना. तिथे तो काय करणार? वाजवेलच. आणि एकदा का गंधार जुळलेला ऐकला की त्याचं त्यालाच पटेल. असं मी स्वतःला समजावलं.

मामीच्या डबीतलं मेण काढलं, बोटांत मळून मऊ केलं आणि दोन भोकांच्या कडेला बसवलं. फुंकून बघता येणार नव्हतं, सगळं नजरेने आणि बोटाने. मामा कुशीवर वळला तेव्हा मी सुंदरी पाठीमागे लपवली. मग मी सुंदरी होती तशी गुंडाळली, डबी जागेवर ठेवली आणि मामीला न भेटताच घरी पळाले.

संध्याकाळी मैदान भरलं. दिवसभर तापलेल्या जमिनीतून अजून वाफ येत होती. मामा पांढरं धोतर, काळा कोट घालून आणि फेटा बांधून माझ्या डाव्या हाताला बसला. मी तिकडे बघतच नव्हते. गिटार सुरू झाली, ड्रम आला, मी खालून स्वर धरला. आठ आवर्तनांनंतर मामाने शिरायचं होतं.

पाचव्या आवर्तनाला त्याने सुंदरी कपाळाला लावली. सहाव्याला बोटं भोकांवर ठेवली आणि तसाच थांबला. एक बोट उचललं, पुन्हा ठेवलं. मग त्याने सुंदरी मांडीवर घेतली.

आठवं आवर्तन संपलं. सुंदरी नाही. गिटारवाल्याने माझ्याकडे बघितलं, मी मानेने खुणावलं, पुन्हा घे. पत्ती साफ करायची सुई सुंदरीला दोऱ्याने बांधलेली असते. मामाने ती सुई हातात घेतली आणि हजारभर माणसांसमोर, दिव्यांच्या उजेडात, खाली मान घालून भोकं कोरायला लागला. घाई नाही, काही नाही. आम्ही पुन्हा आठ आवर्तनं वाजवली. मागून शिट्टी आली. कुणीतरी ओरडलं, "आजोबा, झोपला का?" तिसऱ्या रांगेतले भाऊबंद एकमेकांकडे बघून हसत होते. पडद्याआडून मालक हातवारे करत होता. माझ्या पाठीवरून घामाचे ओघळ चालले होते आणि माझ्या मनात एकच, मामाचं नाक मी कापलं. माझ्या हाताने कापलं.

मग त्याने मेण बोटाने पुसलं, सुंदरी ओठांना लावली आणि गंधार धरला. त्याचा गंधार.

मीही माझा गंधार धरला होता. दोन्ही एकमेकांवर आदळले आणि तो भुंगा आता कर्ण्यांतून मैदानभर घुमायला लागला. भाऊबंदांपैकी एकाने कानावर हात ठेवला. मामा स्वर सोडेना. मला वाटतं दोन-तीन श्वासांचाच अवधी असेल. मी पट्टीवरची बोटं उचलली आणि भाता मिटून घेतला.

पुढची दहा-बारा मिनिटं मी ते धूड मांडीवर घेऊन गप्प बसले. व्हायोलिनवाल्याने बोट सरकवून मामाचा स्वर पकडला, गिटारवाला नुसता सा आणि पंचम छेडत राहिला. माझ्या उत्तराची जागा आली. मामाने सवाल टाकला आणि थांबला. माझे हात पट्ट्यांवर गेलेसुद्धा. मी ते मागे घेतले. मग त्याने स्वतःच उत्तर वाजवलं, मी बसवलं होतं तेच, सुरासुराने. त्याने ते कधी लक्षात ठेवलं होतं कोण जाणे. लोकांना वाटलं असंच बसवलंय. टाळ्या थांबेनात. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. आणि त्याच वेळी इतकं रडू येत होतं की मी अकॉर्डियनचे पट्टे सोडवण्याचं नाटक करत खाली बघत राहिले.

स्टेजमागच्या वर्गात आल्यावर मालकाने आधी मामाला नमस्कार केला आणि मग विचारलं, "मघाशी झालं काय होतं?"

"मेन व्हतं. भोकास्नी," मामा म्हणाला.

मालक सरळ चाचांकडे वळला. कार्यक्रमाआधी वाद्यांपाशी चाचाच एकटे बसलेले होते आणि त्यांचा तुकडा कापला गेला होता. मालकाला एवढं पुरलं. "चाचा, इतक्या वर्षांचा माणूस तुम्ही, आणि असा दगा? उद्यापासून येऊ नका."

"मैं नै लगाया, मालिक," चाचा म्हणाले. "हात भी नै लगाया." त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की गिटारवाल्याने मान फिरवली. मामा कोपऱ्यातल्या बाकावर बसून सुंदरी पुसत होता. मालक बोलतच सुटला. चाचा क्लॅरिओनेटचे तुकडे पेटीत ठेवायला लागले आणि त्यातला एक त्यांच्या हातून निसटून फरशीवर पडला.

"मी लावलं मेण," मी म्हणाले.

मग मामा म्हणाला, मान वर न करता, "म्हाईत हाय."

"माहीत होतं?" मालक त्याच्याकडे वळला. "मग मी चाचांना इतकं बोलत होतो तेव्हा गप्प का बसलात?"

"ती बोलतीया का न्हाय, बगत व्हतो."

मामा उठला, चाचांपुढे गेला आणि त्याने हात जोडले. "माज्या घरचा गुना हाय, चाचा. माफी करा." चाचांनी त्याचे हात धरले. मालक काहीतरी पुटपुटत बाहेर गेला.

मी भिंतीला टेकून उभी होते. "कधी कळलं तुला?" मी विचारलं.

"बोट ठिवल्याबरूबर." मामाने सुंदरी कापडात गुंडाळायला घेतली. "दुसऱ्या कुनी केलं असतं तर भोकच बुजवून ठिवलं असतं. ह्ये वरच्या कडंला, गंधाराला तांदळाच्या दान्याएवडं आन निषादाला त्येच्या निम्मं. न फुकता इतकं बरूबर लावनारं सोलापुरात दुसरं कोन हाय? मीच शिकिवलंय."

मला तोंड वर करवेना. त्याने कापडाची गाठ मारली.

"लई नीट लावलं व्हतंस," तो म्हणाला.

लहानपणापासून मी त्याच्या पत्त्या बांधल्या होत्या, मेण लावलं होतं, आणि त्याने कधी बरं म्हटलं नव्हतं. ते पहिलं आणि शेवटचं कौतुक. मी तिथेच, सगळ्यांसमोर, हमसून हमसून रडले. चाचांनी मला बाकावर बसवलं.

मामा दारापर्यंत गेला आणि वळला. "फुडच्या येळंला इचार," तो म्हणाला. "मी न्हायच म्हननार. पन इचार."

मी विचारलं. मंगळवेढ्याच्या कार्यक्रमाआधी विचारलं, मेण लावू का म्हणून, अकलूजच्या आधी विचारलं, दर वेळी त्याच्या घरी जाऊन विचारलं. मामा जेवता जेवता न्हाय म्हणायचा, मी बरं म्हणायचे, आणि मामी मला ताट वाढायची.