मोरीवरून गाडीला बंदी

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे बैलगाडीला वंगण घातलं. मी चाक ओढून काढलं, हिने चाकाची खीळ मुठीत धरली. सकाळी गौरीसाठी हिच्या माहेरी जायचं होतं.

"खीळ पाडू नको गो."

"तुमीच पाडाल. मी नाय."

खीळ ठोकली, हात धुतले. दिवेलागणीला ही छातीत कळ आली म्हणाली, उंबऱ्यावर बसली आणि संपली.

हिचं माहेर मुरबाडच्या बाजूला, ओढ्यापलीकडे. पावसाळ्यात ओढा भरला की तिकडे आई आजारी पडायची आणि इकडे ही भांडी आपटायची. ओढ्यावर एक मोरी व्हावी, लहानसा पूल, एवढंच हिचं सरकारकडे मागणं. मोरी झाली. कशी झाली ते सांगतो.

इंग्रजांच्या राज्यातली, दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधीची गोष्ट. मुंबईत इंजिनेरांची एक मंडळी होती. ती सभा भरवायची, ठराव करायची आणि सरकार मान डोलवायचं. शहापूरचा ओव्हरसियर, म्हणजे सरकारी रस्त्यांची कामं बघणारा, मला म्हणाला, "सरकार माझं ऐकत नाय, मामलेदाराचं ऐकत नाय. या मंडळीचं ऐकतं." त्या मंडळीचा एक साहेब आमच्या ओढ्याशी आला. रस्त्यावरून गाड्या किती जातात ते बघायचं आणि मोरी हवी की नको ते सरकारला सांगायचं. आंब्याखाली खुर्ची टाकून बसला.

आता आमच्याकडे रीत अशी, की पाहुणा जेवत असला की त्याच्या पुढून गाडी हाकत नाहीत. धूळ पानात जाते. आणि गावात साहेब आला म्हटल्यावर त्याला उपाशी कोण ठेवणार? एका घरून भाकरी आली, दुसऱ्या घरून वडे आले, हिने कोंबडी कापली. साहेब दिवसभर खातच होता. वळणाच्या मागे गवताच्या गाड्या, भाताच्या गाड्या, कोळशाच्या गाड्या ओळीने उभ्या. बैल रवंथ करतायत, गाडीवान विड्या ओढतायत आणि साहेब कधी हात धुतो ते बघतायत. त्याने हात धुतले ते घरी जातानाच.

मंडळीने सरकारला कळवलं, या रस्त्यावर गाड्याच नाहीत. मोरी नको.

हिने ओव्हरसियरला रस्त्यात गाठलं. "माझी कोंबडी खाल्लीन आणि मोरी नको म्हणतो?"

ओव्हरसियर भला माणूस. पुढच्या साली त्याने साहेब पुन्हा आणवला आणि आधी निरोप दिला, "पाणीसुद्धा देऊ नका. गाड्या दाखवा."

आम्ही दाखवल्या. साहेबापुढून जायचं, सागाच्या मागून शेतातून फिरायचं, की पुन्हा साहेबापुढे. ही माझ्या गाडीत गवतावर बसलेली. दरवेळी पदर वेगळा घ्यायची.

"हसू नको गो, साहेब बघतोय."

"मी कुठं हसते? हसली ती मघाची बाई. मी दुसरीच हाय."

एवढ्या गाड्या बघून साहेब घाबरला. मंडळीची मोठी सभा झाली. मग ओव्हरसियरने येऊन सांगितलं, "मोरी मंजूर. रस्ता पक्का. पण एवढ्या गाड्यांच्या लोखंडी धावा रस्ता खाऊन टाकतील, असा मंडळीचा ठराव झाला. म्हणून बैलगाड्यांना बंदी." धाव म्हणजे चाकावरची लोखंडी पट्टी. ती नसलेली गाडी आमच्याकडे कुणी पाहिली नव्हती.

"मग रस्ता कुणासाठी?" मी विचारलं.

"मोटारींसाठी."

"मोटार कुणाकडं हाय?"

"येईल की."

हिने घरात जाऊन भांडी आपटली.

तेव्हापासून माहेरी जायचं ते असं. मोरीशी गाडी थांबवायची, ही उतरायची आणि मोरीवरून एकटी चालत जायची, मोटारीच्या तोऱ्यात. मी आणि बैल शेजारून ओढ्यात. पलीकडे ही आमची वाट बघत उभी. "आलात का बुडून?" पाणी चढलं असलं की गाडी घरीच.

ती गेली त्या रात्री पावसाने जोर धरला. सवाशीण बाई, माहेरची साडी नेसवल्याशिवाय उचलत नाहीत. सकाळी लोक म्हणाले, "तू बस, दुसरा कोणीतरी चालत जाईल." मी म्हटलं, वंगण आम्ही घातलंय, मीच जाणार. बैल जुंपले.

ओढा भरून चालला होता. मोरीशी गाडी थांबवली. सवय. मैलकुली, म्हणजे सरकारचा रस्ता राखणारा, डोक्यावर गोणपाट घेऊन उभा होता.

"मामा, आज मामी नाय?"

"साडी आणायला चाललोय तिची."

तो समजला. तरी नोकर माणूस, बोलला, "गाडीला बंदी हाय, मामा."

"हाय ना," मी म्हटलं. हिला उतरायला लागायचा तेवढा वेळ थांबलो आणि गाडी मोरीवर घातली. धावा दगडावर खडखडल्या. मोरी होऊन एवढी वर्षं झाली, पण आमच्या गाडीचा तिथला आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.