जखमेचं लहान नाव

दाढी करताना ब्लेड निसटलं, तर मी "गळा चिरला" म्हणून सगळी गल्ली गोळा करतो. बायकोचं उलटं. विळीवर बोट अर्धं उतरलं, तरी ती म्हणणार, "खरचटलंय जरासं." शब्द लहान केला की रक्तही वरमून मागे फिरतं, असा तिचा समज असावा. म्हणून तिचा शब्द मी मनातल्या मनात एक पायरी वर चढवतो. ती खरचटलं म्हणाली की चीर समजायची, चीर म्हणाली की खोक. खोक पडण्याच्या वरचा शब्द मला ठाऊक नाही आणि तो कळण्याचीच मला भीती वाटते.

काल फणस फोडताना तिच्या हातातला कोयता सटकला. ती शांतपणे म्हणाली, "अहो, खोक पडलीय वाटतं."

मी धावत गेलो. तिचा तळहात उघडा पडला होता, आतलं पांढरं दिसत होतं. एरवी मी त्यावर पोवाडा रचला असता. पण पंचा गुंडाळताना तोंडातून एवढंच निघालं, "ओरखडा आहे गं. साधा."

तेव्हा कुठे तिनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"तुम्ही ओरखडा म्हणताय? रिक्षा बोलवा."