घाट आणि सुई

डोंगरातल्या एका लहान दवाखान्यात मी केसपेपर काढायचो. मराठी, अहिराणी, पावरी अशा तीन भाषा येतात म्हणून मिरवायचो.

एका सकाळी एक बाई आली. खांद्यावर पाच-सहा वर्षांची लेक झोपलेली. नाव मराठीत विचारलं, पावरीत विचारलं, मग ओरडून विचारलं. तिनं कानाला हात लावून मान हलवली. तिला ऐकू येत नव्हतं, बोलताही येत नव्हतं. मग तिनं तळहात हवेत वळणं घेत नेला आणि दोन बोटं लेकीच्या पोटरीवर टोचली.

मला वाटलं, घाट चढून आलीय आणि सुई मागतेय. इथं येणारा प्रत्येक जण घाटाचं गाऱ्हाणं सांगतो, आणि सुई टोचल्याशिवाय कुणाचं समाधान होत नाही. मी बाकाकडे बोट दाखवलं. तिनं तेच पुन्हा केलं, सावकाश, ढ पोराला समजवावं तसं. मी पुढचा पेशंट घेतला.

तिला दवाखान्यापाशी सोडून दुसरी फेरी मारून आलेला जीपवाला तासाभरानं आत डोकावला.

"साहेब, अजून बसेलच शे? पोरले साप डसना! ती तेच सांगी ऱ्हायनी!"

लेक झोपलेली नव्हतीच.

महिन्याभरानं ती बाई धडगावच्या बाजारात समोर आली, खांदा रिकामा. मी तिचीच खूण केली. तळहात वळवत नेला, दोन बोटं टोचली. तिनं माझा हात धरला आणि ती बोटं जराशी फाकवली, सापाच्या दातांमधल्या अंतराइतकी.

आता बरोबर, अशी तिनं मान हलवली.