वहिनीचं शेवाळ

सरूवहिनी गेल्याचा निरोप आला तेव्हा मी शाळेत सहामाहीचे पेपर तपासत होते. लोणावळ्याहून फोन आला आणि शिपायाने दारातूनच सांगितलं, "बाई, तुमच्या भावजयीचं जास्त आहे म्हणतात." जास्त आहे म्हणजे काय, हे कळण्याच्या वयाची मी आहे. पेपरांचा गठ्ठा बांधून कपाटात ठेवला, घोरावाडी स्टेशनवर येऊन मिळेल ती गाडी धरली आणि भांगरवाडीतल्या घरी पोचले तर अंगणात माणसं बसलेली. थोड्याशा तापाचं निमित्त. वय पन्नाशीच्या आतलं. माझा भाऊ माधव ओसरीच्या खांबाला टेकून उभा होता, आत बायका होत्या, आणि बाहेरच्या खोलीत वहिनीची काचेची टाकी नेहमीसारखी बुडबुडत होती. कुणीतरी तिच्यावर चादर टाकली होती. आत जाण्याआधी मी ती चादर काढली. का, ते सांगता येणार नाही... आतल्या जिवांना उजेड लागतो, एवढंच तेव्हा सुचलं.

महिना उलटून गेला आहे. आमचं दोघींचं विळ्या-भोपळ्याचं सख्य नव्हतं, तसं गूळपीठही नव्हतं. ती मला 'वन्सं' म्हणायची आणि मी तिला 'वहिनी', त्यापलीकडे फारशी सलगी झाली नाही. पण तिच्या हातून एक काम माझ्या डोळ्यांदेखत झालं, आणि ते नीट सांगू शकेल असं आता दुसरं कुणी उरलेलं नाही.

वहिनी टाकवे बुद्रुकची. घरची भातशेती, गोठ्यात जनावरं, शिक्षण चौथीपर्यंत. आमचे वडील रेल्वेत असल्यामुळे आम्ही लोणावळ्यात वाढलो आणि माधव शिकून मालवाहू बोटीवर इंजिनियर झाला. त्या काळात ही सोयरीक पुष्कळांना नवलाची वाटली होती. लग्न झालं आणि महिन्याभरात माधव बोटीवर गेला. पुढे तसंच चालू राहिलं. वर्षातले दीड-दोन महिने नवरा घरी, बाकीचे महिने ती आणि आमची आई. मूल झालं नाही. आई गेल्यावर त्या घरात ती एकटीच राहू लागली. तिने समुद्र पाहिला नव्हता. नवऱ्याचं सगळं आयुष्य ज्यावर चाललं होतं, ती गोष्ट तिने फक्त कॅलेंडरवर पाहिली होती.

साठच्या दशकाच्या मध्यावर केव्हातरी माधवच्या हाताला यंत्रात इजा झाली आणि तो बरेच महिने घरी राहिला. बसून करायचं काय, म्हणून त्याने लोखंडी सांगाड्याची मोठी काचेची टाकी बनवून घेतली. असल्या टाक्या त्याने परदेशातल्या बंदरांवर लोकांच्या घरी पाहिल्या होत्या. खाऱ्या पाण्याने लोखंड गंजू नये म्हणून डांबर फासलं, हवेचा छोटा पंप कुठल्याशा बंदरातून आधीच आणलेला होता, आणि मुंबईच्या ओळखीच्या खलाशांनी समुद्राचं पाणी भरून पाठवलं. रत्नागिरीकडच्या एका मित्राने जिवंत प्रवाळाचे दगड आणून दिले. बोटाच्या पेराएवढी तपकिरी प्रवाळं, त्यांच्यामध्ये समुद्रफुलं म्हणतात ते फुलासारखे उमललेले दोन जीव, शंखात राहणारा एक खेकडा आणि चट्ट्यापट्ट्यांचे दोन छोटे मासे. लोणावळ्यासारख्या गावात हे प्रकरण बघायला अर्धी भांगरवाडी लोटली.

हात बरा झाला आणि भाद्रपदात माधवचा निघायचा दिवस आला. सामान दारात होतं. वहिनी त्याच्या दोऱ्या पुन्हा पुन्हा आवळत होती. तिला जरा हसवावं म्हणून असेल, माधव टाकीवर हात ठेवून म्हणाला, "हे बघ, मी येईपर्यंत हा समुद्र घरात जगला, तर मी बोट सोडून इथेच राहीन. मग तर झालं?" मी तिथेच उभी होते. मला ती नेहमीची थट्टा वाटली. वहिनीने मात्र मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "ठरलं."

पावसाळा होता तोवर काही अडचण आली नाही. लोणावळ्याच्या पावसाळ्यात ऊन असं नसतंच. पाणी आटेल तेवढं ती पागोळ्यांचं भरायची, वीज गेली की सायकलच्या पंपाने हवा मारत बसायची. पण दसऱ्यानंतर आभाळ मोकळं झालं आणि सकाळचं कोवळं ऊन खिडकीतून सरळ टाकीत येऊ लागलं. ते तिला आवडायचं. मासे उन्हात चमकायचे. ते रोडावलेत असं वाटून ती दोन्ही वेळा मूठभर सुकट चुरून टाकायची. दिवाळीला मी गेले तेव्हा काचेवर हिरवी साय धरली होती. कार्तिक संपेपर्यंत दगडांवर केसांसारखं लांब शेवाळ लोंबायला लागलं, तळाच्या वाळूवर तांबूस बुळबुळीत पापुद्रा पसरला आणि टाकीला वास येऊ लागला. प्रवाळं शेवाळाखाली दिसेनाशी झाली. एक समुद्रफूल मिटलं ते पुन्हा उघडलंच नाही.

ती शेतकऱ्याची मुलगी. भात बेणायचं तसं तिने ते शेवाळ उपटायला घेतलं. पण उपटलेलं पाण्यातच सुटायचं आणि त्याचे तुकडे जातील तिथे नवीन रुजायचे. आठवड्याने पाहावं तर पहिल्यापेक्षा दाट. दर रविवारी मी गेले की ती टाकीजवळ पाट टाकून बसलेली असायची, बाही दंडापर्यंत सरकवलेली, खाऱ्या पाण्याने बोटांना चिरा गेलेल्या. मी तिला सरळ सांगितलं, "वहिनी, पुण्याच्या एखाद्या कॉलेजला देऊन टाका. तुमच्यामागे उगाच ताप." तिने पाण्यातून हात काढला नाही. म्हणाली, "देऊन टाकाय ती काय कोंबडी हाय व्हय, वन्सं? त्यांनी शबुद दिलाय."

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की ती थट्टा हिने धरून ठेवली आहे.

शेजारी एक सद्‍गृहस्थ राहायचे. विहिरीतलं शेवाळ मारायला मोरचूद टाकतात तसं टाका, एका दिवसात साफ होईल, असं सांगून त्यांनी पुडीही आणून दिली. वहिनीने ती सरळ टाकीत टाकली नाही. एका चिनी मातीच्या वाडग्यात टाकीतलं पाणी घेतलं, त्यात शेवाळाचा पुंजका आणि तो शंखातला खेकडा ठेवला आणि मोरचुदाचा बारीक कण सोडला. दुसऱ्या दिवशी शेवाळ पिवळं पडलं होतं खरं. पण खेकडा शंखातून अर्धा बाहेर येऊन लोंबत होता. मी गेले तेव्हा तिने मला वाडगा दाखवला. "आधी परवाळाचा तुकडा घालून बगाया होवा व्हता," ती म्हणाली, "ह्यो चालता-फिरता जीव व्हता." पुडी तिने मोरीत ओतली आणि त्या दिवशी ती जेवली नाही. एका खेकड्यासाठी उपास, असं माझ्या मनात आलं.

मग ती सावध झाली. खिडकीला घोंगडं टांगलं. पण पूर्ण अंधार केला की प्रवाळही फिकट पडतं, हे तिच्या लक्षात आलं. म्हणून सकाळी थोडा वेळ घोंगडं वर, मग खाली. सुकट एक दिवसाआड, तीही चिमूटभर. "उपाशी न्हाईत त्ये," ती स्वतःलाच समजावल्यासारखी म्हणायची, "मलाच वाटतंया." काडीला काथ्या बांधून ती शेवाळ त्यावर गुंडाळून घ्यायची आणि तुकडा न सुटता बाहेर काढायची. वाढ थांबली, पण आहे ते हटेना. पाणीच जुनं झालं होतं, नवं हवं होतं. माधवचे खलाशी मित्र तेव्हा सगळेच बोटींवर होते. एका रविवारी ती मला म्हणाली, "वन्सं, मुंबईला येता का माज्यासंगं? पानी आनाया जायाचंय."

पौषातल्या एका सकाळी आम्ही गाडीत बसलो. बरोबर वेताच्या टोपल्यांत बसवलेल्या काचेच्या मोठ्या बुदल्या, धुऊन धुऊन स्वच्छ केलेल्या. दादरला उतरून टांगा केला आणि वरळीकडच्या खडकांवर गेलो. ओहोटी होती. समुद्र समोर आला तशी वहिनी चालायची थांबली. क्षितिजाकडे बघत ती एवढंच म्हणाली, "ह्येच्यावर असत्यात व्हय..." आणि चपला काढून खडकांत उतरली.

तिथे तिला जे दिसलं ते मी आधी पुष्कळदा पाहिलं होतं, पण त्याचा काही अर्थ असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. सगळे खडक हिरवेगार. डबक्याडबक्यांत तेच केसाळ शेवाळ, तोच तांबूस पापुद्रा. वहिनी एका डबक्याशी वाकली आणि मोठ्याने हसली. इतक्या दिवसांत मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. "वन्सं, हितं बगा की! समद्या दर्यालाच शेवाळ हाय. आन् मी आपली रडतीया!" मग ती नीट बघत राहिली. शेवाळ होतं, पण आखूड होतं. त्यावरून बारीक शंखांच्या गोगलगायी सरकत होत्या आणि त्या गेल्या तिथला दगड उघडा पडत होता. "चरत्यात," ती म्हणाली. "आमच्या बांधावर जनावरं सोडत्यात तशी." पदर भरून गोगलगायी तिने गोळा केल्या.

परतीच्या वाटेवर स्टेशनवर गाडीच्या गार्डने बुदल्यांत काय आहे म्हणून विचारलं. पाणी, असं मी सांगितल्यावर तो म्हणाला, "मुंबईहून लोणावळ्याला पाणी? बाई, तिथला पाऊस संपला का काय?" वहिनी त्याला शांतपणे म्हणाली, "दादा, त्ये गोडं. ह्ये खारं." त्याने बुदल्या स्वतः उचलून आपल्या डब्यात ठेवल्या.

त्यानंतर टाकी लगेच सुधारली असं झालं नाही. नव्या पाण्यानेही आधी काही दिवस काच पुन्हा हिरवी झाली. गोगलगायींतल्या निम्म्या मेल्या. पण फाल्गुनात तांबूस पापुद्रा विरला, चैत्रात प्रवाळांची टोकं उघडी पडली, आणि उरलेलं समुद्रफूल पूर्वीपेक्षा मोठं उमललं. मागच्या दगडावर थोडं शेवाळ राहिलं ते तिने मुद्दाम ठेवलं, गोगलगायींसाठी.

माधव ज्येष्ठात आला. मी त्या दिवशी तिथेच होते. त्याने टाकीभोवती दोन फेऱ्या मारल्या, वाकून वाकून पाहिलं आणि पुन्हा पुन्हा "कमाल आहे, कमाल आहे" म्हणत राहिला. वहिनी नवं लुगडं नेसून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. जेवणं झाल्यावर तिने पान लावून दिलं आणि विचारलं, "मंग आता बोट सोडनार न्हवं?"

"बोट? का गं?"

"तुमीच म्हनलावता. ह्यो जगला तर."

माधवला आठवेना. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी 'हो' अशी मान हलवली. "अगं, जाताना आपलं बोलून गेलो असेन," तो हसत म्हणाला. "नोकरी अशी सोडता येते का?" त्याला वाईट वाटावं असं त्यात काही आहे, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. तो वाईट माणूस नव्हता, आजही नाही. वहिनी "बरं" म्हणाली आणि ताटं उचलून आत गेली. श्रावण लागायच्या आत तो पुन्हा बोटीवर गेला.

आता टाकी रिकामी होणार, असं मला वाटलं. पुढच्या रविवारी गेले तर ती नेहमीच्या जागी बसून काडीवर शेवाळ गुंडाळत होती. न राहवून मी विचारलंच, "वहिनी, आता कशासाठी?" तिने काडी पाण्यातून काढली, शेवाळ पिळलं आणि म्हणाली, "तवा त्यांच्यासाटी केलं. आता ह्ये माजं हाय." आवाजात राग नव्हता. रुसवाही नव्हता. एखादं शेत नावावर झालं की माणसं ज्या सुरात सांगतात, त्या सुरात तिने ते सांगितलं.

त्यानंतर दर थंडीत ती मुंबईला जायची. पहिली दोन-तीन वर्षं मी बरोबर गेले, मग ती एकटीच जाऊ लागली. मासे मेले, नवे आले. प्रवाळ मात्र दगडभर वाढलं. माधव अखेर कानांनी कमी ऐकू येऊ लागल्यावर बोट सोडून घरी आला, आणि आल्या आल्या पंपाच्या आवाजाने झोप येत नाही म्हणून कुरकुरू लागला. जन्मभर इंजिनावर निजलेला माणूस! वहिनीने पंपाखाली गोधडीची घडी ठेवली, पण पंप बंद केला नाही. तो टाकीसमोर खुर्ची टाकून पेपर वाचायचा, अधूनमधून बघायचा, पण पाण्यात त्याने कधी हात घातला नाही. ते काम तिचं होतं.

परवाच्या रविवारी मी गेले होते. वहिनीचं आजारपण, मग दिवस, येणारी-जाणारी माणसं, आणि त्यातल्या प्रत्येकाने हळहळून टाकलेला चारा... काच हिरवी झाली होती. दगडांवर केस लोंबत होते. माधव खुर्चीत होता, पेपर घडी घातलेला. मी पदर खोचला तसा तो उठला. "थांब," म्हणाला. त्याने मनगटावरचं घड्याळ काढून खिडकीत ठेवलं, बाही दुमडली आणि जुन्या जखमेचा तो हात हळूहळू कोपरापर्यंत पाण्यात घातला. दोन्ही मासे तडक त्याच्या बोटांपाशी आले आणि नखांना टोचू लागले.

"हे घाबरत नाहीत?" त्याने विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "त्यांना सवय आहे."