वैद्य आणि चोर

लोणच्यासाठी लिंबं चिरायला घेतली, की वास नाकात जातो आणि कर्वेनगरच्या घरातली ती दुपार आठवते. म्हातारपणी नको तेच आठवतं.

नात मनू तेव्हा दहाची होती. सुट्टीत कॉम्प्युटरवर राक्षसांशी लढायचा गेम खेळायची. त्यात तिने पांढऱ्या केसांची एक बाई केली आणि तिला माझं नाव दिलं. बाई आधी वैद्य होती, कारण मनूला ताप आला की काढा मीच द्यायचे.

"आजी, आता तुला दुसरी विद्या पण घेता येते. मी चोराची घेतली. दोन्ही असलं ना, की कुणी हरवू शकत नाही."

समोर माझे व्याही चहा घेत बसले होते. मी म्हटलं, "चोराची कशाला गं? तलवारीची घे."

"मंडईत मावशी वजन करत असतात, तेव्हा तू दोन लिंबं पिशवीत टाकतेस ना? कसली फास्ट टाकतेस!"

व्याह्यांनी पेपर उघडला. घरात काही कमी नव्हतं. जमायचं म्हणून मी टाकायचे.

मी हळूच विचारलं, "गेममधल्या बाईला कुणी पकडत नाही ना?"

"छे! मंडईतल्या मावशी तर बघतात तुला. मग माझ्याकडे बघून हसतात आणि मान वळवतात."

इतकी वर्षं मी स्वतःला चलाख समजत होते. त्या दुपारी मला व्याह्यांसमोर लाज वाटली. आता लिंबू चिरताना त्या मावशींची लाज वाटते.